आत्याबाईंचा पाचवा गिअर

गाडी जीपला दोर बांधून ओढत आणली होती. आत्याबाई मात्र स्टिअरिंगमागे अशा ताठ बसल्या होत्या, जणू पुढची जीपच त्या ढकलत आणताहेत.

"कुठे लावू?" त्यांनी विचारलं. ना नमस्कार ना चमत्कार.

"आत. गॅरेजच्या खड्ड्यावर," सून म्हणाली. तीही तेवढ्यास तेवढंच बोलली.

दोघींचं लग्नापासूनच बिनसलेलं होतं. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. नवी सून माहेरचं गॅरेज स्वतः चालवते हे कळल्यावर त्या लग्नाला आल्याच नाहीत. "नखांत ग्रीस घेऊन घरात येणार का ती?" असा निरोप तेवढा पाठवला. आता बाकीच्या गॅरेजवाल्यांनी हात वर केल्यावर त्यांना त्याच नखांची आठवण झाली होती.

गाडी बसकी, दोन सीटांची, निळसर करड्या रंगाची, सुनेपेक्षा वयाने मोठी. तरुणपणी आत्याबाईंनी ती डोंगरातल्या शर्यतींत पळवली होती. तिचा चार गिअरचा जुना गिअरबॉक्स म्हणजे जमदग्नीचा अवतार. दुसरा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा आणि मधल्या क्षणात ॲक्सिलरेटरला नेमका टोला द्यायचा. लय चुकली की खर्रर्र असा आवाज व्हायचा, रस्त्यावरच्या माणसाच्याही दातांत कळ जाईल असा. ती लय आत्याबाईंखेरीज कुणालाच साधली नव्हती. सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, एकदा प्रयत्न केला होता. गाडी खरखरत, आचके देत बंद पडली आणि आत्याबाई पोट धरधरून हसल्या. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. विषय कुणी काढत नसे.

सुनेने खड्ड्यात उतरून ऑईल काढलं. तळाशी लोखंडाचे तुकडे आले. दोन गिअरचे दात झडलेले, वरचं कवच तडकलेलं.

"हा गेला," ती खालूनच म्हणाली. "याचे पार्ट कुठे मिळत नाहीत. याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवता येईल."

"मला जुनाच हवाय."

"मलाही विशीतली कंबर हवीय, आत्या. नाही मिळत."

आत्याबाईंनी ओठ मुडपले. "बसव. पण माझ्या गाडीला करवत लागता कामा नये. एक पत्रा कापायचा नाही."

सुनेने हुं केलं. ते हुं होकाराचं होतं की नाही, हे तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई रोज येऊन खुर्ची टाकून बसू लागल्या. नजर अशी, की पाना उचलला तरी तो चोरल्यासारखा वाटावा. "बोल्ट असा सोडवतात होय?" "तो हातोडा कशाला? गाडी आहे, दगडाची खाण नाही." "मिस्त्रीणबाई, फोन नंतर घ्या." सून पहिले दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी तिने रेडिओ आणून आत्याबाईंच्या कानाशी ठेवला आणि मोठ्याने लावला. नवऱ्याने घरी सांगून टाकलं, "तुम्हा दोघींच्या मध्ये मला आणू नका," आणि तो जेवायला बसला.

काम किचकट होतं. नव्या बॉक्सचं तोंड जुन्या इंजिनाला जुळत नव्हतं, म्हणून मधे बसवायला जाड पट्टी बनवून घेतली. क्लचची तबकडी बदलली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट कापून आखूड करून आणला. बॉक्स जॅकवर चढवून वर नेला, आणि तो बोगद्याच्या पत्र्याला टेकला. दोन सीटांच्या मधून जाणारा तो उंचवटा नव्या बॉक्सला बोटभर अरुंद पडत होता. शिवाय गिअरचा दांडा जुन्या भोकाच्या मागे येत होता.

आत्याबाई त्या दिवशी डोळे तपासायला गेल्या होत्या. सुनेने एकदा दाराकडे पाहिलं. फोन करून विचारता आलं असतं. तिने पत्रा कापायचा ग्राइंडर उचलला.

आत्याबाई परतल्या तेव्हा ठिणग्या विझल्या होत्या, पण जळक्या रंगाचा वास गॅरेजभर होता. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. चेहरा पांढरा पडला.

"पोट फाडलंस तिचं."

"पत्रा जोडून देते. वर कार्पेट आलं की दिसणारही नाही."

"दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न नाही. मी नको म्हटलं होतं. तू हुं म्हणालीस."

"न कापता बसला नसता."

"मग तसं सांगायचं होतं! मी नाही म्हणेन म्हणूनच माझ्या पाठीमागे कापलंस ना?"

ते खरं होतं. सून चिडली ती त्यामुळेच. "मग घेऊन जा गाडी," ती म्हणाली. "अशीच. दोर बांधून."

आत्याबाईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. त्यानंतर त्या फिरकल्या नाहीत.

त्यांच्या जागी सासरे येऊ लागले. त्यांना मात्र गाडीचं भलतंच कौतुक. दांडा हलवून बघायचे, पहिला, दुसरा, तिसरा. "लोण्यासारखा पडतो गं!" शेवटच्या दिवशी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताईचे डोळे गेलेत आता. तिने चालवणं बरं नाही. चावी माझ्याकडे दे. मी तिला हळूहळू समजावेन."

"डॉक्टर म्हणाले का, चालवू नका म्हणून?"

"डॉक्टर काय म्हणणार? मी म्हणतोय."

सुनेने हातातला पाना खाली ठेवला. "बाबा, गाडी त्यांची आहे. चावी त्यांनाच देणार."

"त्या बाईने तुला इतकं छळलं, आणि तू तिची बाजू घेतेस?"

"बाजू कुणाचीच नाही. गिऱ्हाईकाची चावी मी दुसऱ्याला देत नाही."

सासऱ्यांचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. त्या दिवसापासून घरात ते सुनेशी भिंतीमार्फत बोलू लागले. "कुणीतरी पंखा बंद करा" म्हणजे तिने.

गाडी तयार झाली. आत्याबाई आल्या, त्यांनी वाकून पत्र्याचा जोड बोटाने चाचपला. चक्कर मारायला दोघी बसल्या. सवयीने आत्याबाईंनी क्लच दोनदा दाबला, मधे टोला दिला. गरज नव्हती. गिअर आधीच आत जाऊन बसला होता. मोकळ्या रस्त्यावर पाचवा टाकला तसा इंजिनाचा आवाज खाली उतरला. आत्याबाई बराच वेळ तो ऐकत राहिल्या.

"कुणीही चालवेल ही आता," त्या म्हणाल्या. शिवी द्यावी तसं. गाडी गॅरेजसमोर लावून त्यांनी चावी पर्समध्ये टाकली. आभार वगैरे मानण्याची चूक केली नाही.

पंधरवड्याने सासरे ताटावरून उठले आणि पहिल्यांदाच थेट सुनेकडे वळले. "म्हातारा झालोय मी? हात थरथरतात माझे? ताईला सांगितलंस तू, मला गाडी देऊ नका म्हणून?"

"मी? मी कधी सांगितलं?"

"तिच्याच तोंडून ऐकून आलोय!"

सून जी उठली ती तडक आत्याबाईंच्या दारात. सासरे मागून तणतणत आले. गाडी अंगणात उभी होती आणि आत्याबाई काच पुसत होत्या.

"मी असं म्हणाले?" सुनेने विचारलं.

आत्याबाईंची पापणीही लवली नाही. "हा बारक्या रोज चावीसाठी हात पसरायचा. कुणाचं तरी नाव सांगायला हवं होतं. तुझं आणि त्याचं वाकडं आलेलंच होतं. भर घातली."

"तुमचं बिल मी चुकतं करायचं? मी पत्रा न विचारता कापला, ती माझी चूक, त्याबद्दल काय बोलायचं ते बोला. पण हे माझं नाही. बाबा समोर उभे आहेत, त्यांना तुम्ही सांगा. आणि बाबा, तुम्हीही मला मधे घालू नका. डोळ्यांचं निमित्त कशाला? काय हवंय ते मागा."

मग सासरे बोलले, आणि आवाज लहान मुलासारखा फाटला. "तू हसलीस. सगळ्यांसमोर. माझ्या लग्नात."

"हसले," आत्याबाई म्हणाल्या. "तू गाडीचे दात पाडत होतास."

"शिकवलं असतंस तर!"

"शिकवायचं नव्हतं मला. घरात सगळं तुला मिळत होतं. घर तुला, दुकान तुला, पोरगा म्हणून लाड तुझे. ही एकच गोष्ट होती जी तुला जमत नव्हती. ती का शिकवू?"

"आता जमेल. एकदा चालवू दे."

"नाही."

"ताई, एकदा."

"नाही म्हणजे नाही. माझे डोळे जातील तेव्हा ही भंगारात देईन, पण तुला देणार नाही."

सासरे फाटकापर्यंत गेले, थबकले, आणि मागे न बघता चालू लागले. त्यानंतर बहीणभावाचं बोलणं कायमचं तुटलं. घरात भिंतीमार्फत येणारे हुकूम मात्र थांबले. सासरे सुनेशी गोड वागले नाहीत, पण राग कुणावर काढायचा ते त्यांना आता समजलं होतं.

आत्याबाई अजून गाडी चालवतात. ऑईल बदलायला सुनेकडेच येतात, कारण या बॉक्सला दुसरं कुणी हात लावायला तयार नाही.

"दुसऱ्या गिअरला आवाज येतो," परवा त्या म्हणाल्या.

"येत नाही."

"मला येतो."

"मग कान दाखवा कुणालातरी," सून म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.