मिनच्या थडग्यापाशी शेवटची ओळ

जेफने गायले, जेफची मुलगी ओलीवा, म्हणजे मी, गप्प राहिली, माझा मुलगा रेन्झो ट्रक घेऊन ऑस्ट्रियाला जातो आणि त्याला लागोपाठ दोन सूरही नीट लावता येत नाहीत. या रेन्झोच्या पोटी आन्येसे जन्मली. ही हकीकत तिची आहे, पण ती सांगण्याचा अधिकार माझा आहे, कारण ऋण माझ्या घराचे होते.

माझे वडील जेफ हे आमच्या चिमाल गावच्या चर्चचे मुख्य गायक होते. आमच्या उत्तर इटलीतल्या कार्नियाच्या डोंगरांत चर्चमधले जुने गाणे साथीविना, तालाविना, एकाच सुरावलीत आणि शब्दांच्या श्वासावर चालते. रोमने आमच्या जुन्या धर्मपीठाचे सूर कधीच बंद केले होते. आमच्या माणसांनी मान डोलावली आणि गाणे तसेच चालू ठेवले. या गायकांचा एक रिवाज होता. गायक मेला की त्याला आपल्याच गावाच्या आवाजांनी निरोप द्यायचा नाही. दुसऱ्या गावच्या गायकांनी येऊन गायचे, आणि त्यांची वेळ आली की आपण जाऊन गायचे. पैसा घ्यायचा नाही. गाणे गाण्यानेच फेडायचे.

१९४४ च्या शरदात वडील न्यूमोनियाने गेले. खोऱ्यात परके सैन्य होते, आमचे पुरुष रानात लपले होते. तरीही वरच्या सोराव्हिल गावचा गायक मिन आणि त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा वीजी तीन तास चालत, दोन चौक्या चुकवत खाली आले. मृतांच्या निरोपाचे गाणे दोन बाजूंनी चालते. एक बाजू विचारते, दुसरी उत्तर देते. बापलेकांनी ते अखेरपर्यंत म्हटले, आईने वाढलेला पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्टा, आणि धुरावलेले चीज खाल्ले आणि आल्या वाटेने परत गेले. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

१९५१ च्या हिमवर्षावात मिन गेला. तोवर आमच्या गावात गाणारा पुरुष उरला नव्हता. मला सतराव्या वर्षी प्रत्येक सूर पाठ होता, परंतु गायकांच्या मेजापाशी मुलीने उभे राहायचे नाही, असा नियम होता. मी फुले घेऊन सोराव्हिलच्या दारात उभी राहिले आणि तोंड उघडले नाही. मिनला बाहेरचा एकही आवाज न लाभता मातीत ठेवले गेले. वीजीने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही. त्या न बोलण्याचे ओझे मी अठ्ठावन्न वर्षे वाहिले.

आन्येसेला मी हे सांगितले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

"मग मी फेडते की," ती म्हणाली. "आता मुलींना कोण अडवतं? नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी मिनच्या थडग्यापाशी गायचं. चालेल ना?"

"वीजीला विचारावे लागेल."

"आणि शिकवणार कोण? तू?"

"पुस्तक आहे. पुस्तकाला विचार."

वडिलांचे ते पुस्तक आमच्या घराचा मान होता. व्हेनिसमध्ये छापलेले, हातभर उंच, चार रेषांवर चौकोनी सूर. वडिलांनी १९३८ साली त्याची नवी बांधणी करून घेतली होती. आन्येसेने उन्हाळाभर त्यावर डोके घातले. पहिल्यांदा ती प्रत्येक सूर जिन्याच्या पायरीसारखा वेगळा टाकायची. मग हळूहळू तिला कळले की इथे सूर चालत नाही, श्वास चालतो. मी शेजारच्या खोलीत विणत बसे. शेवटच्या ओळीत माझी सुई दर वेळी अडे. त्या ओळीवर गाणे खाली उतरत होते. माझ्या कानांत ते तिथे वर चढत असे. परंतु छापील पानापुढे एका मुलीच्या आठवणीची काय किंमत, असे मला लहानपणीच शिकवले गेले होते. मी गप्प राहिले.

सप्टेंबरात आम्ही वीजीकडे गेलो. ऐंशी वर्षांचा तो म्हातारा अंगणात बसून बीन्स सोलत होता.

"ये ओलीवा. उशीर केलास, पण आलीस," तो म्हणाला. "ही का ती? हडकुळी आहे. फुंकर मारली तर ऑस्ट्रियात जाईल."

"आजोबा, आधी ऐका तर," आन्येसे म्हणाली आणि गाऊ लागली.

वीजीने डोळे मिटले. शेवटच्या ओळीला त्याने बीन्सचे भांडे दाणकन खाली ठेवले.

"थांब, थांब! माझ्या बापाला विहिरीत कशाला उतरवतेस? त्याला वर जायचंय!"

"पुस्तकात असंच आहे," आन्येसे म्हणाली.

"मग पुस्तक चुकलंय."

"जेफचे पुस्तक चुकत नाही," मी म्हटले.

"जेफ चुकत नव्हता. पुस्तकाचं मी काय सांगू? ओलीवा, असलं गाणं घेऊन मृतांच्या दिवशी येणार असशील तर घरीच राहा. माझा बाप अठ्ठावन्न वर्षं थांबलाय, आणखी थांबेल."

मी शाल सावरली आणि निघाले. वाटेत आन्येसे रडली. मी तिला रडू नकोस असे सांगितले नाही, कारण मलाही तसेच वाटत होते.

पण ती माझी नात आहे. दुसऱ्याच आठवड्यात ती उदिनेच्या जुन्या ग्रंथालयात जाऊन बसली आणि शनिवारी परतली तीच धावत. मी चुलीवरच्या तांब्याच्या भांड्यात पोलेंटा ढवळत होते. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

"आजी, हे बघ! आपल्याच पुस्तकाची दुसरी प्रत. तेच पान. शेवटच्या ओळीच्या आधी काय दिसतंय?"

चार रेषांच्या सुरुवातीला एक खूण असते. मूळ सूर कोणत्या रेषेवर बसतो ते ती सांगते. त्या प्रतीत शेवटच्या ओळीपाशी ती खूण दुसऱ्याच रेषेवर सरकलेली होती. आमच्या पुस्तकात तिथे काहीच नव्हते. नव्या बांधणीच्या वेळी समासाबरोबर ती कापली गेली होती, आणि आन्येसे जुन्याच खुणेने अख्खी ओळ खालून गात होती.

"पण पणजोबांच्या हे लक्षात कसं नाही आलं? सहा वर्षं ते यातूनच गात होते."

माझा हात थांबला. वडील मेजापाशी उभे आहेत, पान उलटतात आणि डोळे मिटतात, असे चित्र माझ्यासमोर आले.

"त्यांनी पुस्तकात कधी पाहिलेच नाही," मी म्हणाले. "ते पान फक्त उलटायचे."

"तिथले ग्रंथपालही हेच सांगत होते. हजार वर्षांपूर्वी रेषाच नव्हत्या म्हणे. शब्दांवर नुसत्या बारीक खुणा, ज्याला गाणं आधीच येतं त्याच्यासाठी." तिने मान वर केली. "आजी. तू तर ऐकलंयस. ही ओळ तुला येते."

"पोलेंटा बुडाशी लागेल."

"लागू दे. गा."

मी पंचाहत्तर वर्षांची होते, आणि दुसऱ्या माणसासमोर मी ते गाणे कधीच म्हटले नव्हते. आवाज दोनदा फाटला. पण ओळ वर चढली. आन्येसे फोनवरच्या सुरांवर बोट फिरवत होती. एकही सूर निसटला नाही.

मी आयुष्यात तीनदा माफी मागितली आहे. तिसरी त्या दिवशी. "तू चुकत होतीस हे मला उन्हाळाभर कळत होते," मी म्हणाले. "मी बोलायला हवे होते."

"ते राहू दे. दुसऱ्या बाजूला कोण उभं राहणार? दोघं आले होते ना? बाबांना घेऊ?"

"त्यापेक्षा त्याच्या ट्रकचा भोंगा बरा."

ती हसली आणि माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय म्हणायचे होते ते मला कळले.

मृतांच्या दिवशी सोराव्हिलची दफनभूमी शेवंतीने भरली होती. ओळ सुधारल्याचा निरोप मी आधीच धाडला होता; वीजीला मिनच्या थडग्यापाशी खुर्चीत बसवून गुडघ्यांवर कांबळे टाकले होते. रेन्झोने पुस्तक उचलून आणले होते, कारण मान तो मान; पण आम्ही ते उघडले नाही.

आन्येसेने विचारले, मी उत्तर दिले. थंडीत आमचे श्वास दिसत होते, त्यामुळे कुठे थांबायचे ते एकमेकींना आपोआप कळत होते. गावच्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. शेवटची ओळ दोन्ही बाजूंनी मिळून म्हणायची असते. तिथे आन्येसेची नजर ढळली. उन्हाळाभराची सवय तिला खाली ओढत होती. मी तिच्या अर्धा श्वास आधी सूर ठेवला, वडील ठेवत तसा. ती त्यावर चढली आणि मग माझ्याही पुढे गेली, स्वच्छ, सरळ, जिथे माझा आवाज आता पोहोचत नाही तिथपर्यंत.

वीजीने टोपी काढली.

"हडकुळीत दम आहे," तो म्हणाला. "आणि ओलीवा, तू ही ओळ कुठे लपवून ठेवली होतीस?"

"तुमच्या दारात," मी म्हटले. "फुलांच्या मागे."

वीजीच्या घरात भट्टीतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता, पण आमच्या दोघींच्या पुढ्यात त्याने फक्त पोलेंटा आणि धुरावलेले चीज ठेवले. माझ्या आईने वाढले होते तेवढेच. आम्ही ताटल्या पुसून खाईपर्यंत तो उभा होता.

"जेफसाठी दोन आवाज खाली गेले," तो म्हणाला. "मिनसाठी दोन वर आले. फिटलं, ओलीवा. सगळं फिटलं."