उजवा कान फाटलेला बोका

मी बोका बोलतोय. कागदावरचा आहे, तेव्हा फार जवळ येऊन मिश्या मोजू नका. तिथूनच ऐका. माणूस जवळ आला की मला वाटतं, ह्याचं नख आता माझ्या कोपऱ्याखाली शिरणार.

निमगाव केतकीत अमजदभाईंच्या चहाच्या दुकानाची जी बाहेरची भिंत आहे, तिच्यावर माझा मुक्काम असतो. जन्म मात्र श्यामलाबाईंच्या ओसरीवरचा. त्यांची मुलगी अश्लेषा पुण्यात चित्रकला शिकते. सुट्टीत आली, घरचा बोका समोर बसवला आणि मला लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यावर कोरलं. मग शाई लावून वर कागद ठेवला आणि पळीच्या पाठीनं घासला. बघतो तर मी खुर्चीत बसलेला, मिश्यांना दूध, पंजाखाली फॅट मोजायचं मशीन! गावातल्या बायका रोज डेअरीत दूध घालतात आणि मशीन सांगेल तो भाव मुकाट घेतात, ह्याचा तिला राग. कुणा एकाचं चित्र काढायचं तिच्या मनातही नव्हतं.

पण घाईत एक घोटाळा झाला. लिनोवर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. घरच्या बोक्याचा डावा कान फाटका, तो माझा उजवा झाला. आणि डेअरीवाल्या माधवरावांचा उजवा कान लहानपणी बैलाच्या शिंगानं फाटलेला, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही.

पहाटे अमजदभाईंचं स्टूल मागून तिनं मला खळीनं चिकटवलं. उजाडल्यावर नीट पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. मला काढायला गेली, पण खळ वाळली होती. तेवढ्यात इंदापूरची एसटी आली, आणि ती पुण्याला निघून गेली.

अमजदभाईंचा मला तेव्हापासून संशय. स्टूल त्यांचं, पाहिलं त्यांनी, वर मोबाईलवर माझा फोटोही काढला. असा माणूस कधी ना कधी बोलतोच, असं मी धरूनच चाललो होतो.

बाजारच्या दिवशी माझ्यासमोर ही गर्दी झाली. नाव कुणीच घेईना. जो तो आधी माझ्याकडं बघायचा, मग मागं कोण उभं आहे ते बघायचा. शेवटी माधवराव आले. मला पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप कानाकडं गेला.

"फाडू का, आबा?" जोतीराम माधवरावांना म्हणाला. हा त्यांच्या डेअरीत मशीनवर बसतो.

"हात न्हाय लावायचा," आबा हळूच म्हणाले. "फाडलं की लोक म्हणत्यात, आबाला झोंबलं." मग मोठ्यानं म्हणाले, "लई भारी काढलंय. कलाकाराचा सत्कार करू. नाव तेवढं कळवा."

सत्कार! शाल, नारळ आणि गोड बोलणं. माझ्या अंगावर केस असते तर उभे राहिले असते. हे आमिष होतं, दुसरं काय? नाव कळलं की श्यामलाबाईंचं दूध बंद. दोन गाईंवर त्यांचं घर आणि पोरीचं शिक्षण चाललेलं, आणि गावात दुसरी डेअरी नाही. मी अमजदभाईंवर डोळा ठेवला. ते आपले कप विसळत राहिले.

बोलली ती आईच. श्यामलाबाई किटली घेऊन चाललेल्या, माझ्यासमोर थबकल्या. मला ओळखलं आणि कौतुकानं हसल्या. बाई, बोलू नका, मी आतल्या आत ओरडत होतो.

"ह्यो तर आमचा बोका हाय. माझ्या अश्लेषानं काढलाय, आबा. लई हुशार हाय पोरगी."

आबांनी तिथल्या तिथं शाल मागवली. बाईंच्या हातात नारळ दिला. फोटो निघाले.

दुसऱ्या सकाळी बाई भरलेली किटली घेऊन परत आल्या. जोतीराम म्हणाला होता, "फॅट लागत न्हाय. उद्यापासनं आणू नका." बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता फाडतील. फाडलं असतं तरी मी तक्रार केली नसती. सगळं माझ्या कानानं केलं होतं.

तेवढ्यात अमजदभाई बाहेर आले. "किटली ठेवा हितं, ताई. आजपासनं चहाला दूध तुमचंच. उरलं तर हितंच बसून विका."

"आबांपाशी तुमचं नाव खराब हुईल."

"हुंदे की. पोरीला स्टूल मीच दिलं व्हतं."

ह्याच माणसावर मी सगळा संशय खर्च केला होता. लाज वाटली मला.

आता श्यामलाबाई रोज सकाळी माझ्या पायाशी बसतात, कारण किटली रिकामी व्हायला नऊ वाजतात. दोन-चार बायकाही डेअरीऐवजी इथं यायला लागल्यात. माधवराव रस्त्यानं जातात तेव्हा ऐन उन्हाळ्यात कानटोपी घालून जातात.

माझी शाई उडत चालली आहे, एक कोपरा सुटलाय. फार दिवस राहणार नाही. तुम्ही कधी निमगावात आलात तर बाईंकडून दूध घ्या, माझ्यासमोर उभे राहा, हरकत नाही. फक्त हात खाली ठेवा. इथं उभा राहणारा जो तो आधी स्वतःचा कान चाचपतो, हे मी रोज बघतोय.

आता तुमचाही हात गेलाच की.