फसलेले मास्तर

सासरे फोनवर चोराची शिकवणी घेत होते. "नकली औषध विकताना जिवाला काही वाटत नाही का तुमच्या?" निवृत्त मास्तरच ते, आवाज वर्गातलाच.

पलीकडचा मात्र लोण्याहून मऊ. "चुकलंच, काका. पैसे परत करतो. मेसेजमधला आकडा तेवढा वाचा."

सासरे चष्मा शोधू लागले. कडेवरच्या पोरीला सावरत सुनेने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि कट केला.

"अगं, परत देत होता तो."

"बाबा, तोच चोर. आता खातंही धुऊन नेणार होता."

तिने बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने गोळ्या बघून सकाळीच सांगितलं होतं, बीपीच्या या गोळ्या नकली आहेत, आजच डॉक्टरांना दाखवा. पण सासऱ्यांनी रागाने गोळ्यांचं पाकीट केरात टाकलेलं. पुरावाच तो. बाळाच्या लंगोटांखालून तिने नाक दाबून काढला.

"दवाखान्यात मी येणार नाही," सासरे म्हणाले. "तो डॉक्टर माझा विद्यार्थी. त्याला कॉपी करताना पकडून अख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतं मी. आता त्याला काय सांगू, जाहिरातीला भुललो म्हणून?"

"बीपी कुणाचा मान बघून चढत नाही, बाबा. सकाळपासून डोकं धरून बसलाय."

शेवटी निघाले, पण रिक्षात पढवणं सुरूच. "प्रवासात गोळ्या राहिल्या, एवढंच सांग हं." तिने कपाळाला हात लावला. या माणसाने जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं.

डॉक्टरने पट्टा सोडला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "सर, इतकं कसं वाढलं?"

"ते प्रवासात..."

सून उठली. "बाबा, मी बाळाला घेऊन बाहेर थांबते. तुम्ही सांगा. नाहीतर आत येऊन मी सांगेन." पाकीट टेबलावर ठेवून ती दारापर्यंत गेली.

 मग सासऱ्यांनी खाकरून घेतलं. "ऑनलाइन घेतल्या. स्वस्त होत्या. तुझ्या गोळ्या मीच बंद केल्या, रे."

डॉक्टर हसला नाही. "सर, यांत काय होतं देव जाणे. आधी रक्त तपासू, आणि आजपासून जुनीच गोळी. पाकीट फेकू नका, तक्रारीला लागेल. तुमचं नाव नको असेल, तर वहिनींच्या नावाने करायची का?"

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. सून ओठ घट्ट मिटून उभी होती.

"माझ्या," ते म्हणाले. "फसलो मी, तिचं नाव कशाला?"