एल्फ खोटं बोलत नाही

कान टोकदार केले की झाला एल्फ, असं समजणाऱ्याची चिदंबर भर खेळात बिनपाण्याने हजामत करायचा. तारावर ती पाळी पहिल्याच रविवारी आली.

साताऱ्याहून नोकरीसाठी मैसूरला येऊन तिला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कडकोळच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम, आणि शहरात ओळखीचं म्हणावं असं कुणी नाही. मराठी बोलणारी माणसं सापडली म्हणून ती सरस्वतीपुरमला चिदंबरच्या घरी गेली, तर तिथे दोन घोडे झालेले पुरुष कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा फासा मांडून बसलेले. एक चिदंबर, कॉलेजात गणित शिकवणारा. दुसरा हयग्रीव, लष्कर मोहल्ल्यात लग्नपत्रिका छापणारा. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट पुढे जाईल तसं त्या पात्राच्या तोंडून बोलायचं आणि फासा पडेल ते भोगायचं. ताराच्या वाट्याला एल्फ आली, पाश्चात्त्य परीकथांतल्या दीर्घायुषी जमातीतली. रानात राहणारी, सहाशे बारा वर्षांची, नाव इळा. आणि तारा पहिल्याच बाजारात दोन बाणांसाठी घासाघीस करायला लागली.

“काय ग हे? एल्फ आहे की मार्केटातली भाजीवाली?” चिदंबर म्हणाला. “सहाशे वर्षं जगलेली बाई दोन नाण्यांसाठी भांडते होय?”

“मग काय करते? कपाळाला आठ्या घालून बसते?”

“तेही नको. एल्फ म्हणजे देव नव्हे, शहाणी नव्हे, गर्विष्ठ तर मुळीच नव्हे. तिने फक्त फार माणसं मेलेली बघितलीत. म्हणून ती घाई करत नाही. आणि खोटं बोलत नाही.”

“का? साध्वी आहे?”

“साध्वी कसली! तुझंमाझं खोटं तीस-चाळीस वर्षांत आपल्याबरोबर जळून जातं. तिला ते शेकडो वर्षं सांभाळत बसायचं. कोण घेईल तो त्रास, हेळु, सांग बघू?”

ताराला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अंगवळणी पडलं. अकरा वर्षांत इळा खूपदा गप्प राहिली, प्रश्न टाळून निघून गेली, पण खोटं एकदाही बोलली नाही. एकदा तर वेशीवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, कशाला आलात, आणि इळाने सरळ सांगितलं की किल्ला घ्यायला. सहा महिने चाललेला बेत त्या एका वाक्यात मातीत गेला. हयग्रीवने कपाळावर हात मारून घेतला, आणि चिदंबर आठवडाभर भेटेल त्याला ती हकिकत हसत हसत सांगत होता. नवऱ्याचं हे पोरकट वेड वरलक्ष्मी कॉफीचे पेले पुरवत निमूट सोसायची. मुलगी मधुमिता लहानपणी खुर्चीमागे उभी राहून सगळं ऐकायची. इळा काहीही म्हणाली की ते खरं, हे तिलाही ठाऊक होतं.

मग चिदंबरच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बेंगळूरच्या फेऱ्या झाल्या, अंगावरचं मांस उतरलं. प्रसंग रचून गोष्ट चालवायचं काम इतकी वर्षं त्याचं होतं, ते त्याने हयग्रीवकडे दिलं आणि स्वतःसाठी एक साधं पात्र घेतलं. केंच नावाचा म्हातारा भालेवाला, इळाचा जुना सोबती.

मार्चमधल्या एका शनिवारी वरलक्ष्मीने तारा आणि हयग्रीवला फाटकाशीच अडवलं. सोबत चिदंबरचा थोरला भाऊ नरसिंगराव होता. नव्या तपासणीत यकृतभर पसरलेलं दिसत होतं. डॉक्टरांनी महिना सांगितला होता, फार तर सव्वा.

“त्यांना सांगितलं नाही,” वरलक्ष्मी म्हणाली. “जंतू झालेत, ताकद आली की पुढचं औषध, असं सांगितलंय. तुम्हीही हेळबेडा, सांगू नका. माझी शपथ आहे, तारा.”

“पण वहिनी, त्याला कळायला नको?”

“कळून काय करणार?” नरसिंगराव म्हणाला. “आज आहे तेवढा धीरही सुटेल. बिचारा, राहू दे त्याला सुखात.”

ताराला राग आला होता. पण वरलक्ष्मीने तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले होते, आणि त्या हातांना नाही म्हणणं तिला जमलं नाही. शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिदंबरने खेळायचा हट्ट धरला. दिवाणावर लोडाला टेकून तो बसला होता, डोळे हळदीसारखे पिवळे. हयग्रीवने मुद्दामच सोपा प्रसंग घेतला होता. नदी ओलांडायची, पलीकडे मुक्काम करायचा, कुणाचा जीव जायचा नाही.

“केंच शेकोटीपाशी बसतो,” चिदंबर म्हणाला. “इळाला बोलावतो.”

“येते.”

“इळा, किती माणसं मरताना बघितलीस तू?”

“मोजली नाहीत.”

“अंदाज येत असेल की. चेहरा बघून.” त्याने श्वास घ्यायला वेळ घेतला. “माझ्याकडे बघ. हा पावसाळा बघेन का मी?”

“पलीकडच्या झाडीत काहीतरी हललं,” हयग्रीव घाईने म्हणाला आणि कारण नसताना फासा टाकला. “लांडगे असतील. तारा, धनुष्य...”

“इरली, राहू दे रे हयग्रीव. लांडग्यांना थांबव जरा.”

स्वयंपाकघराच्या दारात वरलक्ष्मी पेला घेऊन उभी होती. ताराने तिच्याकडे बघितलं नाही, तरी ती तिथे आहे हे तिला पाठीला जाणवत होतं. इळाला गप्प राहता आलं असतं. अकरा वर्षं ती अडचणीत बहुधा गप्पच राहिली होती. पण या खोलीत गप्प राहणं म्हणजे सांगून टाकणंच होतं. तारा मनातून पार भेदरली होती.

“बघशील,” ती म्हणाली. “हाही, आणि पुढचाही.”

चिदंबरने तिचा चेहरा निरखला. मग त्याचे खांदे सैल पडले.

“आयतु, झालं तर मग,” तो म्हणाला. “हं, आता आण तुझे लांडगे.”

त्या दिवशी त्याने अर्धी इडली खाल्ली. वरलक्ष्मीने ताराला आत नेऊन मिठी मारली आणि ती तोंडात पदर धरून रडली. परतीच्या बसमध्ये ताराने स्वतःची समजूत घातली. चिदंबर काही दूधखुळा नाही. ज्याने तिला एल्फ शिकवली, त्याला एल्फ चुकलेली दिसणार नाही? त्याला खोटं लगेच कळलं असणार, आणि आपल्याला लाजवायचं नाही म्हणून त्याने ते मानल्यासारखं दाखवलं असणार. हा विचार तिला इतका सोयीचा वाटला, की तिने तो पुन्हा तपासला नाही. कारखान्यात ती असा माल कधी पुढे जाऊ देत नसे.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, चिदंबर गेला.

मधुमिता धारवाडला शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. गुरुवारी तिचा शेवटचा पेपर झाला, आईचा फोन गेला, आणि रातोरात बस पकडून ती पोचली तेव्हा वडिलांना अंगणात आणून ठेवलं होतं. ताराला वाटलं, परीक्षा म्हणून हिलाही अंधारात ठेवलं. घरात एकदा लपवालपवी सुरू झाली की ती कुठवर जाईल, याचा नेम नसतो. मनातल्या मनात तिने वरलक्ष्मीला बोल लावला.

तेराव्याची पंगत उठल्यावर मधुमिता तिच्यापाशी पायरीवर येऊन बसली. बारकी, उन्हाने रापलेली पोर, वडिलांसारखी रुंद कपाळाची.

“ताराक्का, एक विचारू?” तिचं मराठी तोकडं होतं, शब्द शोधत बोलायची. “त्या शनिवारी अप्पांचा फोन आला होता मला. म्हणाले, एक्झाम राहू दे, निघून ये. तुझ्याशी बोलायचंय, फोनवर होत नाही. मी बसचं तिकीट पण काढलं. आणि रविवारी सायंकाळी परत फोन. नको येऊ, पेपर लिही. टाइम आहे.”

तारा तिच्याकडे वळली.

“मी विचारलं, कोण म्हणालं, डॉक्टर? तर हसले. म्हणाले, डॉक्टर सांगत नाहीत, आई सांगत नाही, दोड्डप्पा, तुझे मोठे काका, तर माझ्याकडे बघत पण नाहीत. म्हणून मी इळाला विचारलं. ती खोटं बोलत नाही.” मधुमिताने नाक पुसलं. “खूप खूश होते, अक्का. मी तिकीट कॅन्सल केलं.”

आत भांडी आवरली जात होती. वरलक्ष्मी भिंतीशी बसून होती आणि नरसिंगराव कुणाला तरी दारापर्यंत पोचवत होता. चिदंबरला खोटं कळलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांवरचा विश्वास उडाल्यावर एकाच ठिकाणी खरं मिळेल म्हणून त्याने विचारलं होतं, आणि मिळालेल्या उत्तरावर बिनघोर विसंबून मुलीला थांबवलं होतं.

“तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं ना?” मधुमिताने विचारलं. “म्हणजे, माहीत नव्हतं ना तुम्हाला?”

हो म्हणणं फार सोपं होतं. पोरीने हो कसं म्हणायचं तेही जवळजवळ सांगूनच ठेवलं होतं. वरलक्ष्मीची शपथही अजून सुटली नव्हती.

“माहीत होतं,” तारा म्हणाली. “आदल्या दिवशी सांगितलं होतं मला. महिना, सव्वा महिना.”

मधुमिताने तिच्याकडे नुसतं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, “काय बोलायचं होतं त्यांना माझ्याशी?”

“ते मला माहीत नाही.”

“कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही.”

मधुमिताने मान हलवली. ती उठली, आत गेली. वरलक्ष्मीने शेजारी जागा करून दिली, तर तिकडे न बघता ती पलीकडच्या भिंतीला टेकून बसली.