चावणारे बूट

"हा वरून पडला तो कोण होता गं?" सासऱ्यांनी विचारलं.

सून उशीला खोळ घालत होती. तिने टीव्हीकडे पाहिलं. धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, आणि एका सज्ज्याचा कठडा मोडून खाली कोसळलेला एक माणूस. रस्त्याच्या मधोमध पिकल्या दाढीचा नायक पिस्तूल धरून उभा होता.

"व्हिलनचा कुणीतरी माणूस असेल, बाबा."

"ते झालंच. पण कोण? राहायचा कुठे? घरी कोण होतं?"

"आता मला काय माहीत! सिनेमा काढणाऱ्यांनाही माहीत नसेल."

"तेच म्हणतोय मी. एवढ्या उंचावरून पडला बिचारा, आणि एकानं वळून पाहिलं नाही."

सासरे उभा जन्म एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसले होते. आता ऐंशीला टेकले होते, गुडघे बोलायला लागले होते, आणि दुपारभर घोडे-पिस्तूलवाले जुने सिनेमे बघत बसायचे. त्यावरून गल्लीने त्यांचं नाव घोड्यावरच्या फौजदारासारखं शेरीफ ठेवलं होतं. त्या सिनेमांतही त्यांना एकच प्रकार चालायचा. कधीकाळी नावाजलेला बंदूकवाला म्हातारा झालाय, कुठेतरी खोगीर शिवत नाहीतर कुंपण दुरुस्त करत दिवस काढतोय, झोपेत दचकून उठतोय. आणि एक दिवस जुना हिशेब चुकवायला कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. 

सुनेला आधी वाटायचं, यांना तो नायक आवडतो. हळूहळू तिच्या लक्षात आलं की ते नायकाकडे बघतच नाहीत. ते पडणाऱ्यांकडे बघतात.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. सकाळची पाळी उरकून दुपारी घरी यायची. नवरा कामानिमित्त लांब असायचा, त्यामुळे दुपारी घरात ही दोघंच. कुठलीही गोष्ट अर्धी कळली की तिला चैन पडायचं नाही. "बायको कसली, चौकशीची खिडकी आहे," असं नवरा चारचौघांत म्हणायचा. 

बँकेतला तो प्रसंग तिला नवऱ्याकडूनच कळला होता. तो रंगवून सांगायचा: तिघे दरोडेखोर आत शिरले, सगळे टेबलाखाली, आणि बाबांनी एका गोळीत एकाला आडवा केला! उरलेले दोघे पळता भुई थोडी होऊन पुढच्या चौकात सापडले. त्याबद्दल सासऱ्यांना पदक मिळालं होतं, आणि ते खिळे-मोळ्यांच्या डब्यात पडलेलं असायचं. मुलगा गोष्ट सांगायला लागला की सासऱ्यांना हटकून न्हाणीघरातला नळ गळतोय का ते बघायचं असायचं.

तिने एकदा सरळच विचारलं होतं, "बाबा, तेव्हा नक्की काय झालं होतं?"

"काय व्हायचं? आवाज झाला," ते म्हणाले होते. तेवढ्यावर विषय संपला.

त्या दुपारी सिनेमा अजून चालू होता तेव्हा दारावरची बेल वाजली. सुनेने दार उघडलं. बाहेर पन्नाशी ओलांडलेली एक बाई उभी होती. केस आवळून बांधलेले, खांद्याला मोठी पिशवी, पायांत रबरी तळाच्या चपला. चेहरा दमलेला पण खंबीर.

"बँकेत गार्ड होते ते इथेच राहतात ना? पेपरात फोटो आला होता त्यांचा, बँकेच्या जुन्या लोकांच्या कार्यक्रमातला. पत्ता शोधत आले."

"हो, या ना. बाबा, तुमच्याकडे कुणी आलंय."

बाई आत आली, पण बसली नाही. तिने सासऱ्यांना नीट न्याहाळलं, जणू मनातल्या कुठल्या तरी चित्राशी ताडून बघत होती.

"तुम्ही फार उंच असाल असं वाटायचं मला," ती म्हणाली.

"होतो जरासा. वयानं दाबलं मला," सासरे म्हणाले. "ओळखलं नाही मी."

"तुम्ही बँकेत ज्यांना गोळी घातलीत, त्यांची मी मुलगी."

सुनेची नजर आपोआप बाईच्या पिशवीकडे गेली. मग सासऱ्यांकडे. ते घाबरलेले नव्हते. रिमोट उचलून त्यांनी टीव्ही बंद केला आणि समोरच्या खुर्चीवरची उशांची चळत स्वतः उचलून बाजूला ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "पाणी आण गं."

पाणी आणायला सून गेली ती धावतच, आणि परत आली तीही धावतच.

"मी भांडायला आलेली नाही," बाई म्हणाली. "माफ-बिफ करायलाही नाही. तसलं काही माझ्या मनात नाही, आधीच सांगते. मला एक विचारायचंय. बाकी कुणाला विचारणार? तिथे होते त्यातले माझे मामा तुरुंगातून सुटून वारले, त्यांचा तो दोस्त कुठे गेला माहीत नाही. तुम्हीच उरलात."

"विचारा."

"आमच्या अण्णांच्या पायातले बूट कुठे गेले?"

सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सासऱ्यांनी मात्र डोळे मिटले आणि उघडले.

"मी हॉस्पिटलात नर्स आहे," बाई सांगू लागली. "आता निवृत्तीच होईल. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या अंगावरच्या वस्तू बांधून घरच्यांच्या हातात द्यायच्या असतात. चष्मा, घड्याळ, कवळी, सगळं. पायताण मी शेवटी ठेवते. दर वेळी ते ठेवताना आमच्या घरचा तो दिवस आठवतो. अण्णांना घरी आणलं तेव्हा कपडे तेच होते, खिशात रुमालही होता. पाय उघडे होते. आई शेवटपर्यंत म्हणायची, मेलेल्याच्या पायातले बूटसुद्धा सोडले नाहीत हो लोकांनी. गोळीचं तिनं गिळलं. बुटांचं नाही गिळता आलं. मागच्या वर्षी गेली ती. मला वाटलं, आपण तरी विचारून बघू."

"कुणी चोरले नाहीत," सासरे म्हणाले. "मी काढले."

"तुम्ही?"

"त्यानंच सांगितलं."

सून भिंतीला टेकून खाली बसली. बाई खुर्चीत पुढे सरकली. 

"म्हणजे ते लगेच गेले नाहीत?" तिने विचारलं. "आम्हाला सांगितलं, जागच्या जागी."

"नाही. थोडा वेळ होता तो." सासऱ्यांनी गुडघ्यावर हात चोळला. "तो गाडीत बसलेला होता. आत दोघेच आले होते. गडबड झाली, आरडाओरडा झाला, तेव्हा हा आत आला. हातात पिस्तूल होतं, खोटं नाही सांगत. पण दोन्ही हातांनी धरलेलं. गरम पातेलं धरतात ना, तसं. मी ते पाहिलं, आणि तोवर माझी बंदूक वाजली होती. आधी पाहिलं की आधी वाजली, ते मला आजतागायत नाही सांगता येत."

बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ते दोघे पळाले. हा माझ्या स्टुलापाशी पडला. मी पिस्तूल पायानं लांब सारलं आणि वाकलो. मला वाटलं शिव्या देईल. नाहीतर पाणी मागेल. तो म्हणाला, 'अहो, जरा बूट काढता का? फार चावतायत.'"

"असंच म्हणाले?"

"अगदी असंच. बसमध्ये शेजारच्याला जरा सरका म्हणावं तसं. मी खाली बसलो. पण नाडीची गाठ सुटेना. अशी करकचून मारलेली की विचारू नका. साहेब टेबलाखालून ओरडत होते, त्याला हात लावू नका म्हणून. शेवटी मी दातांनी सोडवली. दोन्ही बुटांची. काढले, तर टाचा सोललेल्या होत्या."

बाईने तोंडावर हात धरला. तिचे खांदे हलायला लागले. सून उठणार होती, पण सासऱ्यांनी हातानेच थांब म्हटलं.

"ती गाठ मी मारली होती," थोड्या वेळाने बाई म्हणाली. "बूट मामांचे होते. अण्णांना लहान व्हायचे. अण्णा जन्मभर चपला घालायचे. त्या दिवशी म्हणाले, चांगल्या नोकरीसाठी बोलावलंय, जरा रुबाबात जायला हवं. मी पॉलिश करून दिलं. नाडी मी बांधते म्हणून हट्ट धरला, नुकतीच शिकले होते ना. दुहेरी गाठ मारली, वर आणखी एक. अण्णा म्हणाले, शाबास, आता हे बूट काही मला सोडून जात नाहीत."

ती डोळे पुसता पुसता हसली. सासरे हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"गाठ पक्की होती," ते म्हणाले. "माझा दात दुखत होता नंतर."

"मग? बूट काढल्यावर?"

"त्यानं पायाची बोटं हलवली. आणि 'हां' म्हणाला."

"हां?"

"नुसतं 'हां'. दमून आल्यावर टेकतो ना माणूस, तसं. मी तिथेच होतो. पुढे काही बोलला नाही."

बाईने तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. मग पुन्हा एकदा.

"बूट मी भिंतीशी नीट लावून ठेवले," सासरे म्हणाले. "सगळी धावपळ झाली, मला जबाबाला नेलं. दुसऱ्या दिवशी जागेवर नव्हते. विचारायला पाहिजे होतं मी. पण सगळे पाठ थोपटत होते, त्यात बूट कुठे म्हणून काय विचारणार? नंतर कुणालाच सांगितलं नाही. हिलाही नाही, माझ्या बायकोलाही नाही."

"माझ्या आईला सांगायला हवं होतं हे," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ते वाक्य खोलीत तसंच राहिलं. सासऱ्यांनी मान खाली घातली.

सून चहा टाकायला उठली. पातेल्यात पाणी ओतताना तिला बाहेरून सासऱ्यांचा आवाज ऐकू आला. आता ते स्वतःहून बाईला विचारत होते.

"मलाही एक विचारायचंय. चालेल का?"

"विचारा की."

"तो होता कसा?"

सून आधण तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा?" बाईला हे कुणी विचारलं नसावं. "बडबडे होते. ट्रक चालवायचे. शीळ घालायचे, पण एकच चाल, तीही चुकीची. पालीला घाबरायचे. पाल दिसली की आईला हाक, आणि आई झाडू घेऊन येईपर्यंत हे पलंगावर."

"पालीला?" सासरे म्हणाले. "एवढा मोठा गडी!"

"हो ना! आणि भात चिकट झाला की म्हणायचे, आज घराला कागद चिकटवायचे आहेत वाटतं. आई चिडायची."

"वय काय होतं?"

"छत्तीस."

"माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठाच होता मग. मी त्याला पोरगा धरून चाललो होतो इतकी वर्षं." ते थांबले. "आणि नंतर? तुमचं कसं चाललं?"

ती सांगत राहिली. आईने शिवणाच्या कारखान्यात काज-बटणं केली. शाळेत मुलं 'दरोडेखोराची' म्हणायची, म्हणून शाळा बदलली. नव्या शाळेतही कळलं. धाकटा भाऊ वडिलांचा विषय काढला की उठून जातो, इथे आलेलीही त्याला ठाऊक नाही. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मुलाखतीत वडील काय करतात विचारलं, तर तिने 'ट्रक चालवतात' असंच सांगितलं. सासरे मध्येच विचारत होते. कारखाना किती लांब होता? आई पायी जायची का? भाऊ कुणासारखा दिसतो? ज्या उत्सुकतेने ते इतकी वर्षं सिनेमाच्या पडद्याला विचारत होते तीच उत्सुकता, पण आता समोरून उत्तर येत होतं. चहा झाला, कप रिकामे झाले, ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर चढलं.

बाई निघायला उठली.

"काका, येते मी. आता बरं वाटेल असं नाही. पण कळलं. अर्धवट राहिलं होतं ते."

'काका' ऐकून सासरे खुर्चीचे हात धरून उठले. "थांब, मी येतो स्टॉपपर्यंत. इथला रस्ता वाईट आहे. गाड्या कशाही येतात."

"अहो बाबा, गुडघे!" सून म्हणाली. "जिना उतरायचाय."

"उतरेन."

कठड्याला धरून एकेक पायरी करत ते उतरले. सून मागे राहिली, तरी पडले तर हात देता येईल इतक्या जवळ. रस्त्यावर आल्यावर कोण कुणाला सांभाळतंय ते कळेना. गाड्यांना थांबा म्हणून हात सासऱ्यांनी केला, आणि त्यांचा दुसरा दंड बाईने धरला. नर्सची पकड होती ती, सवयीची, घट्ट. पलीकडे पोचल्यावरही तिने ती सोडली नाही. 

बस यायला वेळ लागला. एकदा सासऱ्यांनी काहीतरी विचारलं आणि बाईने पिशवीतून मोबाइल काढून एक फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. जरा मागे उभ्या असलेल्या सुनेला फोटो कुणाचा ते दिसत नव्हतं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिने ते विचारायचं नाही असं ठरवलं.

बस आली. बाई चढली. सासरे दाराचा दांडा धरून तसेच उभे राहिले. कंडक्टर घाईत होता.

"ओ मॅडम, वडिलांना पण चढायचंय का? हात द्या मग त्यांना."

बाई वळली. तिने एकदा कंडक्टरकडे पाहिलं, एकदा खाली दांडा धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे.

"नाही," ती म्हणाली. "मला सोडायला आलेत."

कंडक्टरने घंटी मारली. सासऱ्यांनी दांडा सोडला आणि दोन पावलं मागे सरकले.