पाव सेकंदाची चापटी

चेंडू फेकण्यापूर्वी एमेट वासिल्को डाव्या तळव्याने त्याला एक हलकी चापटी मारत असे. दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या परक्या माणसाच्या ती लक्षातही आली नसती. आमच्या हॅल्स्टनमध्ये मात्र ती सगळ्यांना येत होती. शाळेमागच्या मैदानावर तिसरी-चौथीतली मुले दोन्ही हातांत जेमतेम मावणारा चेंडू आधी थोपटत आणि मग फेकत. बड ऑर्लिकच्या केस कापण्याच्या दुकानात एमेटचे मोठे छायाचित्र लावलेले होते, त्यातही त्याचा डावा हात चेंडूवर टेकलेला होता. पोलादाचा कारखाना बंद पडल्यानंतर आमच्या गावापाशी दुसऱ्याला दाखवण्यासारखे फारसे उरले नव्हते. नदी होती, दोन चर्च होती आणि ही चापटी होती.

ती मी शिकवली, असे सगळे मानत. हळूहळू मीही मानू लागलो होतो. पस्तीस वर्षे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले, त्यातली सव्वीस वर्षे हाताने चेंडू फेकायच्या अमेरिकन फुटबॉलचा संघ सांभाळला; पण रस्त्यात भेटलेला माणूस विचारी ते चापटीबद्दलच. मग मी नोव्हेंबरातल्या त्या उपांत्य सामन्याची गोष्ट सांगत असे. कोसळता पाऊस, साबणाच्या वडीसारखा निसटणारा चेंडू, आणि दहावीतला एमेट. "मी त्याला म्हटलं, पोरा, फेकण्याआधी हात लावून शिवण कुठे आहे ते चाचपून घे." जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात हे वाक्य माझ्या छायाचित्रासह छापून आले होते. डोलोरेसने, माझ्या पत्नीने, ते कात्रण तळघराच्या दारावर चिकटवले आणि वर लिहिले, 'संग्रहालय. प्रवेश विनामूल्य.'

त्या वर्षी मार्चमध्ये एमेट घरी आला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि व्यावसायिक संघाकडून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, म्हणून तीन मोसम खेळला होता. पहिल्या फेरीतच निवड झालेल्या खेळाडूशी संघ चार वर्षांचा करार करतो. पाचव्या वर्षासाठी त्याला बांधून घ्यायचे की नाही, हे संघाने तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्यात सांगायचे असते. एमेटच्या बाबतीत त्या एका वर्षाची किंमत सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर होती. बांधून घेतले, तर संघाचा त्याच्यावर भरवसा आहे असा अर्थ होई आणि पुढच्या मोठ्या कराराची बोलणी तिथून सुरू होत. नाही म्हटले, तर त्याच्याकडे राखीव क्वार्टरबॅक म्हणून पाहायला सगळे मोकळे.

तो आमच्या स्वयंपाकघरात बसला, तेव्हा खुर्ची करकरली.

"कोच, एक विचारायचंय. हसायचं नाही."

"मी नाही हसणार. हिची हमी देत नाही."

"मी कशाला हसू?" डोलोरेस कॉफी ओतत म्हणाली. "त्याची दाढी बघून माझं आधीच हसून झालंय."

एमेटने दाढीवरून हात फिरवला. पण तो हसला नाही. "नव्या प्रशिक्षकाने घड्याळ लावून मोजलं. चापटीला पाव सेकंद लागतो. कॉलेजात खपून गेलं. इथे तेवढ्यात समोरचा माणूस दोन यार्ड सरकलेला असतो. गेल्या मोसमात माझे सोळा चेंडू पळवले त्यांनी, त्यातले अकरा चापटीनंतरचे. ते आता माझ्या डोळ्यांकडे बघतच नाहीत कोच. डाव्या हाताकडे बघतात."

"मग सोडून दे."

"जानेवारीपासून तेच करतोय. रिकाम्या मैदानात सुटते. अंगावर कोणी धावून आला, की हात आपोआप जातो." त्याने कप फिरवला. "प्रशिक्षक म्हणतो, सवय कशासाठी लागली ते कळलं तर ती जाईल. म्हणून आलो. तुम्ही मला नक्की काय सांगितलं होतं? शब्दन् शब्द सांगा."

मी त्याला पावसाची गोष्ट सांगितली. त्याने ती पाठ झालेल्या प्रार्थनेसारखी ऐकली आणि मान हलवली. त्याच्याही डोक्यात तीच गोष्ट होती. पण हात कोरड्या मैदानावर, छताखालीदेखील चेंडूवर का जातो, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी संध्याकाळी अर्धे गाव अग्निशमन केंद्राच्या सभागृहात तळलेला मासा खायला जमते. एमेटची आई जोअ‍ॅन कित्येक वर्षे तिथे कोबी-शेवयांच्या मोठ्या पातेल्यामागे उभी असते. रांगेत एमेटच्या पाठीवर जो तो थोपटत होता. बड ऑर्लिक कागदी थाळी घेऊन ओरडला, "अरे, दोन कोटींचा माणूस रांगेत कसला उभा राहतोस! एक चापटी मार, मासा आपोआप उडत येईल!"

"बड, तू आधी माझे केस नीट काप. डावा कल्ला अजून वर आहे."

"तो कल्ला नाही, तुझा कान वाकडा आहे. आईला विचार."

सगळे हसले. जोअ‍ॅनही हसली; पण माझ्या थाळीत वाढताना तिचा हात मध्येच थांबला.

"कोच, लोकांना वाटतं, याला पैशांची काळजी आहे. पैशांचं नाही हो काही. माझं घर फेडून दिलंय त्यानं. त्याला बाकावर बसायची भीती वाटते. लहानपणीसुद्धा तसंच. तुम्ही बसवलं होतं ना एकदा, दहावीत? दोन दिवस घास उतरला नव्हता त्याच्या घशाखाली."

"मी? केव्हा?"

"घ्या. विसरलात पण?" ती म्हणाली आणि मागच्या माणसाकडे वळली.

मी विसरलो नव्हतो. ज्या खोलीत आपण बरीच वर्षे गेलेलो नाही, तिथल्या सामानासारखे ते तिथेच पडलेले होते.

शनिवारी दुपारी मी एमेटला तळघरात नेले. गणिताचे शिक्षक छपरावर उभे राहून आमचा प्रत्येक सामना चित्रित करत, आणि मी प्रत्येकाची तबकडी तारखेसह ठेवून दिली होती. प्रथम आम्ही पावसाचा सामना लावला. पडदा करडा, माणसे चिखलाच्या ठिपक्यांसारखी. पहिल्याच डावात एमेटने चेंडू घेतला, मागे सरकला आणि चापटी मारली. मी काही सांगण्याच्या आधीच तो ती मारत होता.

"हे आधीचंच आहे," एमेट म्हणाला.

मग आम्ही मागे मागे गेलो. ऑक्टोबरचा शेवट, चापटी. त्याआधीचा आठवडा, चापटी. आणि मग सप्टेंबर.

सप्टेंबरातल्या त्या उन्हात मैदान पिवळसर दिसत होते. कठड्याशी बँडमधल्या मुली बसल्या होत्या. माझ्या डोक्यावर दाट केस होते. कारखान्याची चिमणी अजून उभी होती. आणि बारीक मानेचा तो मुलगा चेंडू हातात येतो न येतो तोच फेकत होता. झेल घेणारा अजून वळलेलाही नसे, आणि चेंडू त्याच्या वळण्याच्या जागेकडे निघालेला असे. पाच सामने आम्ही पाहिले. चापटी एकदाही नव्हती.

"हा मी आहे?" एमेट पुढे वाकून म्हणाला. "च्यायला कोच, हा पोरगा तर भारी आहे!"

मग मी सहावा सामना लावला. त्यात मार्कस डिल नावाच्या मुलाला बारा यार्ड धावून बाहेरच्या रेषेकडे वळायचे होते. एमेटने नेहमीसारखा आधीच चेंडू सोडला. तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडला आणि तो मुलगा सरळ आमच्या टोकापर्यंत धावत गेला. त्यानंतर चित्रात मी येतो. एमेटच्या शिरस्त्राणाची जाळी पकडून मी त्याचे तोंड माझ्याकडे ओढतो. चित्राला आवाज नाही. पण मला माझे शब्द ऐकू आले: आधी बघ, मग फेक! खात्री झाल्याशिवाय चेंडू हातातून सुटता कामा नये! उरलेला सगळा सामना तो बाकावर आहे, टॉवेलखाली.

पुढच्या शुक्रवारच्या सामन्यात, पहिल्याच डावात, त्याचा डावा हात उठतो आणि चेंडूवर टेकतो. खात्री करून घेतल्यासारखा.

एमेटने चित्रण थांबवले. मग म्हणाला, "असू दे. पोरगा चुकला, कोच ओरडले. कोच ओरडणारच."

तिथे थांबता आले असते. कारण मिळाले होते, आणि त्यात माझा दोष साऱ्या प्रशिक्षकांचा असतो तेवढाच होता. पण तबकड्यांच्या खोक्यात खाली एक पुठ्ठ्याची फाइल होती, आणि तिच्यात काय आहे ते मला माहीत होते.

आमच्या धंद्यात रविवार गुण देण्याचा असतो. सामन्याचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहायचे आणि प्रत्येक डावासाठी, म्हणजे चेंडूच्या प्रत्येक चालीसाठी, प्रत्येक खेळाडूपुढे अधिक किंवा उणे लिहायचे. निकाल काही लागो. ज्याने नेमून दिलेले काम बरोबर केले, त्याला अधिक. मी तो कागद काढून एमेटच्या हातात दिला.

अठ्ठाविसावा डाव. मार्कस डिल: उणे. 'नऊ यार्डांवरच वळला.' एमेट वासिल्को: अधिक. 'वेळ अचूक.' अक्षर माझे.

त्याने कागद उजेडाकडे धरला. "हे रविवारी लिहिलंत तुम्ही?"

"हो."

"म्हणजे सोमवारी मी आलो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. सोमवारी तू गप्प होतास, सगळं ऐकत होतास. मला वाटलं, बरंच झालं, पोरगा जपून खेळायला लागला. उद्या सांगू म्हटलं. मग तू चापटी मारायला लागलास आणि आपण जिंकत गेलो. उपांत्य सामन्यानंतर पत्रकाराने विचारलं, ही चापटी कुठून आली. मी म्हटलं, मी शिकवली." मी त्याच्या हातातल्या कागदावर बोट ठेवले. "एमेट, तो चेंडू बरोबर होता."

"नऊ वर्षं, कोच." तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपे गेले असते. "नऊ वर्षं मी त्या चेंडूसाठी मनातल्या मनात मार्कसची माफी मागतोय."

त्याने कागदाची घडी केली, खिशात घातला आणि जिना चढून निघून गेला. वरून डोलोरेसचा आवाज आला, "अरे, सफरचंदाचा पाय केलाय, खाऊन जा!" आणि मग दार लागल्याचा.

रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर मी मैदानावर गेलो. तो येईल असे मला कोणी सांगितले नव्हते. तो आधीच तिथे होता, चेंडूंची जाळी घेऊन.

"बारा यार्डांवर उभे राहा," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "माझ्याकडे पाठ करून. मी हाक दिली की वळायचं."

"माझं वय अडुसष्ट आहे."

"म्हणून तर पळायला सांगत नाही."

मी पाठ करून उभा राहिलो. त्याने हाक दिली, मी वळलो; त्याचा हात चेंडूवर होता. पुन्हा तेच. सातव्या वेळी तो स्वतःवरच चिडला आणि चेंडू जमिनीवर आपटला.

"काय लिहिलं होतं तुम्ही? वाचून दाखवा."

"कागद तुझ्याकडे आहे."

"तोंडाने सांगा."

नदीकडे तोंड करून मी मोठ्याने म्हणालो, "वेळ अचूक. अधिक."

"पुन्हा."

"तो चेंडू बरोबर होता, एमेट! मी चुकलो होतो!"

हाक आली. मी वळलो तेव्हा पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते. चेंडू माझ्या छातीवर येऊन आदळला होता आणि मी गवतात बसलो होतो. एमेट धावत आला.

"लागलं का?"

"उणे," मी म्हणालो. "झेल घेणाऱ्याला उणे."

तेव्हा तो हसला. शनिवारपासून पहिल्यांदा. त्या सकाळी त्याने साठ चेंडू फेकले. शेवटच्या विसांत चापटी तीनदा आली. संध्याकाळी माझ्या छातीवरचा जांभळा डाग पाहून डोलोरेस म्हणाली, "आता हे कुठल्या भिंतीला चिकटवू?"

मेच्या दुसऱ्या तारखेला जोअ‍ॅनने शाळेच्या मुदपाकखान्यातून, ती कामाला असते तिथून, फोन केला. ती एवढेच म्हणू शकली, "घेतलं, कोच. पाचवं वर्ष घेतलं त्यांनी." मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि कोणीतरी पळी आपटून ताल धरला होता.

सप्टेंबरातला पहिला सामना आम्ही बडच्या दुकानात पाहिला; मी केस कापायला खुर्चीत बसलो होतो. एमेटने मागे सरकून चेंडू फेकला, तो पोहोचला, आणि दुकानात क्षणभर कोणीच ओरडले नाही. प्रत्येक जण कशाची तरी वाट पाहत होता.

"चापटी कुठे गेली?" बडने कात्री थांबवून विचारले. "आपली चापटी?"

त्याच्या आवाजात जे होते, ते चिमणी पाडली त्या दिवशी मी ऐकले होते. गोष्ट तशीच राहू द्यावी, असे मला पुन्हा एकदा वाटले. पण या वेळी मी उद्यावर टाकले नाही. खुर्ची वळवून घेतली आणि सहाव्या सामन्यापासून सगळे सांगितले. जाळी, बाक, रविवारचा कागद. बडने मध्येच दूरचित्रवाणीचा आवाज बंद केला.

"म्हणजे आमच्या पोरांना इतकी वर्षं तुम्ही तुमचा ओरडा शिकवत होतात?" तो म्हणाला.

"हो."

त्याने छायाचित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. "बसा नीट. मान हलवू नका," तो म्हणाला, आणि उरलेले केस त्याने माझ्याशी एक शब्दही न बोलता कापले.

छायाचित्र अजून तिथेच आहे. मीही कधीकधी दुपारी तळघरात जातो. पण आता पावसाचा सामना लावत नाही. सप्टेंबरातले ते पाच लावतो. ऊन पिवळे असते, बँडमधल्या मुली कठड्याशी बसलेल्या असतात, आणि तो बारीक मानेचा मुलगा, कोणीच वळलेले नसताना, चेंडू सोडून देतो.