कोपरा अडवणारं टेबल

मित्रांनो, वर्गात शिरल्यावर डाव्या हाताला कपाटाला लागून जे जुनं, बोजड टेबल दिसतं, ते मी. माझ्याकडे कुणी बघत नाही, याचं मला आता वाईट वाटत नाही. बघितलंत तर काहीतरी विचाराल, आणि मग मला खरं सांगावं लागेल.

सुताराने मला मुख्याध्यापकांसाठी घडवलं. जाडजूड पाय, दोन खण आणि पुढून जमिनीपर्यंत फळी, म्हणजे साहेबांनी खाली चपला काढून ठेवल्या तरी समोरच्याला दिसू नयेत. काय थाट होता तेव्हा माझा. रोज ओल्या फडक्याने अंग पुसलं जायचं. मग चकचकीत नवं टेबल आलं आणि माझी रवानगी पहिलीच्या वर्गात झाली. खणांत खडूचे तुकडे आणि जप्त केलेल्या गोट्या राहू लागल्या.

एका वर्षी वर्गात सात वर्षांची एक मुलगी आली. बोलायची फार थोडं. घंटा वाजली की कानांवर हात ठेवून पळत सुटायची, म्हणून मुलांनी तिचं नाव भुर्र ठेवलं. तीन शाळांनी तिला नाही म्हटलं होतं. इथे "ठेवून घेऊ" म्हणाले, तेवढ्यावरच तिची आई इतकी हरखली की पुढचं काही विचारायचं तिला धाडसच झालं नाही.

दोनदा भुर्र फाटकाबाहेर, रस्त्यावर सापडली.  मग वर्गाच्या बाईंनी कोपऱ्यात एक लहान खुर्ची ठेवली, भुर्रला तिच्यावर बसवलं आणि मला पुढे आडवं सरकवलं. माझं एक टोक भिंतीला, दुसरं कपाटाला, खाली फळी. घंटा झाली की ती दोन्ही तळव्यांनी मला ढकलायची. मी जागचा हलायचो नाही. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला माझ्या वजनाचं कौतुकच वाटलं. किती वर्षांनी मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो. काही दिवसांनी तिने ढकलणं सोडून दिलं. बाई म्हणाल्या, "आता कशी शहाण्यासारखी बसते." मला मात्र ते बघवेना.

पालकसभा झाली त्या दिवशी आई मागे थांबली. "कुठे बसते हो ती?" तिने विचारलं. दोघींनी माझं एकेक टोक धरून मला ओढलं, आई त्या इवल्याशा खुर्चीत बसली आणि बाईंनी सवयीने मला पुन्हा जागेवर सरकवलं. तेवढ्यात त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं.

आईने फळ्याकडे बघितलं. कपाटामुळे तो अर्धाच दिसत होता. मग ती उठली आणि मला ढकलू लागली. आधी हळूच, मग सगळा जोर लावून, पण त्या अडचणीत तिला पाय रोवायला जागाच नव्हती आणि मी हललो नाही. बाहेर व्हरांड्यात इतर पालक गप्पा मारत होते. माझ्यावर चढायची किंवा हाक मारायची तिला लाज वाटली असावी. ती पुन्हा खाली बसली, ती वीस मिनिटं तशीच. 

बाई धावत आल्या. "अगं बाई, विसरलेच मी."

"रोज किती वेळ असते ती इथे?"

"शाळा सुटेपर्यंत." बाईंचा आवाज उतरला. "पंचेचाळीस मुलं आहेत हो माझ्याकडे. गाडीखाली आली असती तर?"

"तुमची काळजी खोटी नाही. पण उद्यापासून ती येणार नाही."

"दुसरी शाळा मिळाली का?"

"नाही. शोधते."

तीन महिन्यांनी आई शाळेची पुस्तकं परत द्यायला आली. तोवर तिने अकरा शाळा पालथ्या घातल्या होत्या. "आता मी आधी वर्ग बघते, मग अर्ज मागते," ती बाईंना म्हणाली. भुर्र अजून घरीच होती.

या वर्षी त्या खुर्चीत दुसरी एक मुलगी बसते. बाई त्याच आहेत, मुलं पन्नास झालीत, मी तिथेच आहे. मित्रांनो, मी जड आहे हे खरं. आतून एकटीने कितीही ढकललं तरी मी हलत नाही. पण बाहेरून तुम्ही दोघांनी माझं एकेक टोक धरलंत, तर मी सरकतो.